निळ्या ड्रमवरचं स्वस्तिक

आधी आमच्या घरमालकीणबाईंचं लिहिते. तळोज्याजवळच्या जुन्या गावातली, सत्तरी ओलांडलेली आगरी म्हातारी. सगळी चाळ तिला आजी म्हणते. माझी मुलगी आज शाळेत जाते ती तिच्यामुळे. डॉक्टरांनी उपचार केले, पण काय उपचार करायचे हे त्यांना कळलं ते आजीमुळे. नंतर ज्याला त्याला देवच आठवला, म्हणून तिचं नाव मी पहिलं घेते.

माझं माहेर-सासर दोन्ही साताऱ्याकडं. सातवीत शाळा सुटली, लग्न करून इकडं आले. नवरा कंपनीत हेल्पर. खोलीत पाणी एक दिवसाआड, तेही अर्धा तास. म्हणून भंगारवाल्याकडून निळा ड्रम आणला. इकडं घरोघरी असेच ड्रम, कंपन्यांतून रिकामे होऊन आलेले.

ड्रमवर कागद चिकटवलेला होता. बारीक इंग्रजी अक्षरं आणि मधोमध कवटी, खाली दोन हाडं. अक्षरं मला वाचता येत नव्हती. कवटी दिसत होती, पण ती मला धोक्याची वाटलीच नाही. अभद्र वाटली. नव्या वस्तूवर मढ्याचं डोकं! विळीनं कागद खरवडून काढला आणि त्याच जागी कुंकवानं स्वस्तिक काढलं. हळद वाहिली, उदबत्ती ओवाळली. पूजा केल्याशिवाय नव्या भांड्यात पाणी भरायचं नाही, असं आईनं शिकवलेलं. ड्रम राखेनं घासला, साबणानं धुतला, उन्हात ठेवला. तरी औषधासारखा वास राहिला. म्हटलं, जाईल हळूहळू.

चार दिवस ते पाणी धुण्याभांड्यालाच वापरलं. पाचव्या दिवशी नळ आला नाही, टँकरही नाही. हंडा कोरडा. मी ड्रममधलं पाणी फडक्यानं गाळलं आणि मुलीला दिलं. चार वर्षांची होती. पेलाभर प्यायली, वर अजून मागितलं. तेही दिलं.

दुपारपर्यंत ती उलट्या करून गळून गेली. तोंडातून लाळ थांबेना. नवऱ्याला फोन केला तर म्हणाला, "साथ आलीय सगळीकडं. हवापाण्याचं आहे, निसर्ग आहे तो, आपण काय करणार? मीठ-साखर दे." सासूबाई फोनवर म्हणाल्या, "औंदा जत्रंचा नारळ चुकवलास ना? देवी कोपली. अंगारा लाव आधी." मला त्यांचंच पटलं. मीठ-मोहरी उतरवली, अंगारा लावला, पदर पसरून देवीला म्हणाले, माझा राग लेकरावर काढू नकोस. यात तासभर गेला. तो तास मला अजून झोपू देत नाही.

माझं रडणं ऐकून आजी आत आली.

"काय झाला गो पोरीला?"

"देवी कोपली, आजी."

"देवीला दुसरा धंदा नाय? चार वर्सांच्या पोरीवर कोपाला बसलीय?" ती बोलता बोलता मुलीच्या डोळ्यांत बघत होती. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. मग तिनं ड्रममध्ये नाक घातलं. "यावर चिठी व्हती ना? कवटीची?"

"होती. मी खरवडली."

"आनि वर कुकू लावलास?"

मी हो म्हणून मान हलवली. आजीची म्हैस अशाच ड्रमातलं पाणी पिऊन मेली होती, हे मला मागाहून कळलं. तिनं रिक्षा थांबवली, मला आणि मुलीला आत ढकललं, "तू हास्पिटलात हो पुढं," म्हणाली आणि स्वतः गुडघे धरत भंगारवाल्याकडं गेली. तिथं त्याच मालातला दुसरा ड्रम पडला होता, कागदासकट. भंगारवाला म्हणाला, "आजी, मी ड्रम विकतो, पाणी पाजत नाही."

"मंग तूच पी एक गलास," आजी म्हणाली आणि कोयत्यानं कागद सोलून घेतला.

हॉस्पिटलात डॉक्टर मला विचारत होते, काय प्यायली, आणि मी म्हणत होते, पाणी. आजी धापा टाकत आली, कागद त्यांच्या हातात दिला. ड्रममध्ये आधी कीटकनाशक होतं. त्यानंतर योग्य इंजेक्शनं सुरू झाली. तिसऱ्या दिवशी मुलीनं भूक लागली म्हटलं.

सासूबाई म्हणाल्या, "बघ, देवीनं तारलं." म्हणजे मारणारीही देवी, तारणारीही देवी, आणि गुडघे धरून पळालेली म्हातारी कुणीच नाही. नवरा अजून म्हणतो, नशीब चांगलं. मला दोघांचाही संताप येतो. टोमॅटो नासतो, पत्रा गंजतो, माणूस म्हातारं होतं, तो निसर्ग. त्याच्याशी भांडण नाही. पण ते विष झाडाला लागलेलं नव्हतं. ते कुणी बनवलं, कुणी ड्रम न धुता बाहेर काढला, कुणी विकला, आणि शेवटी मी त्याच्यावर स्वस्तिक काढून लेकराला पाजलं. एवढ्या हातांत देवाचा हात कुठला? तरी देवाला दोष देणं सोपं जातं. तो उलटून विचारत नाही, की कागद कुणी खरवडला.

भंगारवाल्याकडं ड्रम अजून विकायला आहेत. कागद आता तो स्वतःच काढून ठेवतो. गिऱ्हाईक बिचकतं म्हणतो. मी गल्लीतल्या बायकांना सांगते. दोघी ऐकतात, बाकीच्या म्हणतात, हिला टेन्शन घ्यायची सवयच आहे. आहे. पाण्याचा वास घेतल्याशिवाय मी कुणालाच पिऊ देत नाही.

आजीसाठी लुगडं घेऊन गेले तर तिनं परत केलं. "माज्याकडं लुगडी हायत. पोरीला इंग्रजी वाचाला शिकव."

तिची मुलं खारघरला फ्लॅटमध्ये राहतात, सणाला येतात. म्हातारी एकटी असते, गुडघे आता पार गेलेत. ज्या दिवशी तिच्यानं उठवणार नाही, त्या दिवसापासून तिला न्हाऊ घालणं, भरवणं, तिचं हगणं-मुतणं काढणं माझ्याकडं. तिला हे बोलले नाही, शिव्या घालील. आम्ही खोली सोडून कुठंही गेलो असलो, तरी मी येईन.