एस्तेरचं आमेन

करुणाअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी परभणीच्या बाजारात मेथीच्या जुड्या निवडत होते. दाविदभाऊजी एवढंच म्हणाले, "करुणा उठंना झालीय..." आणि मग फोनवर नुसता त्यांचा श्वास. खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा माझी बहीण आलीच नाही. आली ती तिची लेक, एस्तेर. आता तिला कोण भरवणार?

एस्तेर तिशी ओलांडलेली आहे. जन्मापासून तिला चालता येत नाही, बोलता येत नाही. अक्काच्या चुडाव्याच्या घरात खिडकीपाशी तिची सागवानी खुर्ची असते, भाऊजींनी सुताराकडून तिच्या बेताने करून घेतलेली. संध्याकाळी दिवे लागले की अक्का तिच्यासमोर बसून प्रार्थना करायची आणि शेवटी थांबायची. मग एस्तेरचा डावा हात थरथरत मांडीवरून उठायचा आणि खुर्चीच्या हातावर पडायचा. ठक. ते तिचं आमेन. त्यानंतर आम्ही म्हणायचं, आणि मग जेवण. मला भूक लागली की धीर निघत नाही. एकदा मी आधीच आमेन उरकलं, तर अक्काने डोळे न उघडता प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. वरण पार गार झालं.

एस्तेर लहान असताना आम्ही तिला रोगमुक्तीच्या एका सभेला नेलं होतं. बाहेरगावच्या प्रचारकाने तिच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि काही घडेना तेव्हा म्हणाला, आईचा विश्वास कमी पडतोय. मांडवभर माणसं बघत होती. मी भांडायलाच उठले. अक्का शांतपणे म्हणाली, "रोज न्हाऊ घालायलेय, रोज भरवायलेय. याच्याहून जास्तीचा विश्वास कसा असतो, मला ठावं न्हाई." परतताना ऑटोत मात्र ती हुंदके देऊन रडली. देवावर ती कधी रागावली नाही. तो राग मीच धरून बसले, अजूनही बसले आहे.

गेल्या नाताळात करंज्या भरताना ती अचानक म्हणाली, "एक प्रार्थना ह्यांच्या माघारी करत असते. देवा, माझ्या एक दिवस आधी हिला ने..." करंजीची कड मुडपत ती थांबली. "तेवढ्या प्रार्थनेला पोरगी आमेन देत न्हाई गं. हात मांडीवरच ठेवती."

"दमत असेल," मी म्हणाले. "तिला काय कळतंय?"

अक्काने पुढची पारी हातात घेतली.

दफनानंतर काही आठवड्यांनी मी चुडाव्याला गेले. एस्तेर वाळून गेली होती. "तोंड उघडंना झालीय," भाऊजी म्हणाले. "प्रार्थना झाल्याबिगर घास घेत न्हाई, दूधपाणी तेवढं कसंबसं जातंय. अन् मला शब्दच फुटंना. रोज बसतो, रोज उठतो." त्यांचे पाय सुजलेले होते. हेही गेले तर पुढे काय? 

दिवे लागल्यावर अक्काच्या जागी मी बसले. चर्चला नाताळापुरती जाणारी बाई मी... अक्काचे शब्द आठवतील तसे म्हणत गेले. अन्नासाठी आभार, घरादारावर कृपा. आणि ठरवलं नसताना तोंडातून निघून गेलं, "देवा, भाऊजींच्या आधी हिला ने."

मी थांबले. तिचा हात मांडीवरच राहिला. एस्तेर माझ्याकडे टक लावून बघत होती. आम्ही कितीतरी वेळ वाट पाहिली. भाऊजी हळूच म्हणाले, "करुणा हेच मागायची का?"  मी मान डोलावली, आणि डोळे मिटून एवढंच म्हणाले, "देवा, आज हिला दोन घास जाऊ दे."

ठक.

डोळे उघडले तेव्हा एस्तेर माझ्याकडे बघतच नव्हती. ती माझ्या पाठीमागे, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती, जिथून अक्का पदराला हात पुसत यायची. भाऊजीही तिकडेच बघत होते. मागे वळायची माझी हिंमत झाली नाही. खुर्चीचा तो हात एका जागी झिजून गुळगुळीत झालाय. त्यावरचा तिचा हात मी तसाच राहू दिला आणि वरणभात कालवायला घेतला.