बोर्डावरचा रिकामा गोल

माझ्या घड्याळाचं किट घेणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. त्यातल्या सर्किट बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात पांढऱ्या रेघेचा तो रिकामा गोल कशासाठी? तिथं ना भोक, ना तांब्याची रेघ, ना कसला पार्ट. पुण्याच्या एका गृहस्थांनी तर कळवलं, "छपाईत चूक झालेली दिसते, पुढच्या खेपेला काढून टाका." काढून टाका म्हणे! त्या गोलासाठी मी अख्खा बोर्ड नव्यानं आखलाय, बाबा.

दिंद्रुडला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान. मोटारीचे स्टार्टर, मिक्सर, टीव्ही, येईल ते दुरुस्त करते. बीडला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, लग्न होऊन इथं आले आणि सासूबाईंच्या शिलाई मशीनशेजारी माझं टेबल लागलं. सासूबाईंना मी आत्या म्हणते. "तुजा धूर माज्या ब्लाऊजला लागतो," असं त्या म्हणायच्या. "तुमच्या दोऱ्यांचे तुकडे माझ्या बोर्डात शिरतात," असं मी म्हणायचे. तोंडानं दोघी एकाच माळेचे मणी, त्यामुळं दिवस बरा जायचा.

आत्यांच्या उजव्या हाताचं कुंकवाचं बोट, म्हणजे करंगळीशेजारचं, लहानपणी कडबाकुट्टीत सापडलं होतं. टोक वाचलं, पण त्यावर आडवी खोल खाच राहिली. त्यामुळं त्यांनी लावलेलं कुंकू मधून दुभंगलेलं दिसायचं. मी माप ओलांडून घरात आले तेव्हा माझ्या कपाळावर तेच लागलं. गावातल्या बायका एकमेकींचं कपाळ बघून विचारायच्या, "काय गं, मास्तरणीकडं गेलतीस व्हय ब्लाऊज टाकायला?" गावातल्या निम्म्या पोरी आत्यांकडं शिवणकाम शिकलेल्या, म्हणून मास्तरीण.

गेल्या वर्षी संक्रांत झाली अन् आत्यांना लकवा झाला. तोंड सावरलं, पाय महिन्या-दोन महिन्यांत चालता झाला. उजवा हात मात्र मांडीवर नुसता पडून. डॉक्टर म्हणाले, "बोटं हलायची असतील तर ह्याच काही महिन्यांत हलतील. पुढं अवघड आहे." दाबायला रबरी चेंडू दिला. आत्यांनी तो डाव्या हातानं उचलून माळ्यावर फेकला. मशीनवर त्यांनीच चादर टाकायला लावली. घरी कुणी सवाष्ण आली तर कुंकू लावायला मला हाक मारायच्या. एकदा मी चिडून म्हटलं, माझे हात तेलकट आहेत, लावा की तुम्हीच, डावा आहे ना धडधाकट! तर त्या म्हणाल्या, "डाव्या हातानं कुंकू? मेले तरी लावायची न्हाई." मग मी गुमान हात धुऊन उठले.

त्याच दिवसांत माजलगावच्या भंगारवाल्या चाचांचा फोन आला. जुनं यंत्र फोडताना काचेचं, तारेचं काही निघालं की ते माझ्यासाठी बाजूला ठेवतात. "भाभी, येकदा बघून जावा. बल्बच्या पिलावळीवानी दिसतंय मला तर." गेले. एका डब्यात कापसात ठेवलेल्या काचेच्या नळ्या होत्या, बोटाएवढ्या, वर न वाचता येणारी परदेशी अक्षरं. आत केसाहून बारीक अशा सात तारा, इंग्रजी आठासारख्या ताणून बसवलेल्या. पूर्वी यंत्रांवर आकडे दाखवायला अशा नळ्या असत. प्रत्येक तार म्हणजे एक इवलासा बल्बच. सातही पेटल्या की आठ, दोनच पेटल्या तर एक.

घरी आणून भरदिवसा टेबलावर एक लावून बघितली. खरं सांगते, माझा विश्वास नव्हता. एवढी वर्षं भंगारात पडलेली काच, ती काय पेटणार, डोंबल! करंट दिला, अन् चुलीत फुंकर घातल्यावर काटकी धरते तशी ती तार आधी लाल झाली, मग केशरी, मग पिवळी. एवढ्याशा काचेत आठाचा आकडा. पडद्यावरच्या आकड्यासारखा चपटा नाही, तर खरा पेटलेला. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. कुणी, कुठल्या गावच्या बाईनं बसून त्या तारा जोडल्या असतील कुणास ठाऊक, आणि त्या पेटल्या माझ्या दिंद्रुडात.

आत्या दारात खुर्चीवर बसल्या होत्या. आठवड्यात धड चार वाक्यं न बोललेली बाई, ती पुढं वाकली.

"अगं बया! काचंत जीव हाय की!"

"आहे तर."

"मंग कावून पडू दिला होता इतके दिस?"

त्या दिवशी ठरवलं, ह्याचं घड्याळ करायचं. नुसतं एक नाही, किट करायचं. सुटे भाग, बोर्ड आणि कसं जोडायचं त्याचं पत्रक एका खोक्यात घालायचं आणि ज्याला हौस आहे त्यानं घरी बसून जोडायचं. जुन्या साठ्यातल्या तसल्याच नळ्या परदेशातून मिळतात हेही शोधून काढलं.

पण ह्या नळ्यांनी मला लई रडवलं. थंड तार एकदम पेटवली की ती पहिल्या क्षणी भसकन करंट ओढते, आणि वारंवार तसं झालं तर तुटते. सातातली एक तुटली की अख्खी नळी कामातून गेली. दोन माझ्या हातून गेल्या, तेव्हा टेबलावर डोकं आपटून घ्यायचंच बाकी होतं. शेवटी घड्याळ चालवणाऱ्या चिपला असं शिकवलं, की विझलेल्या तारेतूनही अगदी कणभर करंट वाहता ठेवायचा. डोळ्याला ती विझलेलीच दिसते, पण आतून ऊब धरून असते. हाक मारली की सावकाश उठते. आठाचा नऊ होताना एक तार मावळते, नवाचा शून्य होताना ती पुन्हा उजाडते अन् मधली मावळते. मी स्वतः केलेलं घड्याळ, पण काम टाकून त्याच्याकडं बघत बसायचे. आत्याही बसायच्या. उजवा हात मांडीवर, पदराखाली.

पहिलं घड्याळ पुरं झालं त्या सकाळी आत्या म्हणाल्या, "नव्या वस्तूला कुंकू न्हाई लावलंस?"

आमच्याकडं नवी मोटार असो, ट्रॅक्टर असो की मिक्सर, हळदीकुंकवाचं ओलं बोट लागल्याशिवाय चालू करत नाहीत. पण हा बोर्ड मी घरीच केलेला, पाठीमागं तांबं सगळं उघडं. "आत्या, ह्याला ओलं चालत नाही," मी ओरडून सांगितलं, "कुणी हात लावायचा नाही!" आणि एका शेतावर स्टार्टर दुरुस्तीला निघून गेले.

दुपारी परत येऊन बघते तर काय! घड्याळ पिसाळलेलं. मिनिटं धावत सुटलेली. आकडे नीट मावळेनात का उजाडेनात, चारी नळ्या भिरभिरताहेत. मी चिप बदलली, बटण बदललं, घड्याळाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेवटी बोर्ड उलटा करून भिंगाखाली धरला. उजव्या कोपऱ्यात, मिनिटं पुढं सरकवायच्या बटणाची रेघ जिथून जाते नेमकं तिथंच, ओलं कुंकू. त्या ओलीतून दोन रेघा एकमेकींना मिळालेल्या, आणि चिपला वाटत होतं की बटण कुणीतरी दाबूनच धरलंय.

"कुणी लावलं हे?" मी तिथूनच गरजले. "सांगून गेले होते ना! ह्या घरात माणसानं बोंबलून मरावं, पण ऐकायचं कुणी नाही!"

कापसावर स्पिरिट घेतलं, पुसायला पुन्हा भिंग धरलं, आणि माझा हात जागच्या जागी राहिला.

कुंकवाच्या ठिपक्याच्या मधोमध आडवी कोरी रेघ होती.

बोर्ड तसाच टेबलावर ठेवून मी आत पळाले. आत्या बाजेवर बसल्या होत्या.

"हात दाखवा."

"कावून?"

"दाखवा म्हणते ना!"

त्यांनी डावा पुढं केला. "तो नाही," मी म्हटलं.  मग त्यांनी डाव्या हातानं पदर बाजूला केला. उजव्या हाताचं कुंकवाचं बोट नखापर्यंत लाल होतं.

"कधीपासून?"

"झाले की चार-दोन दिस. तू शेतावर गेलीस की बघते हलवून. कधी हलतंय, कधी न्हाई."

"अन् मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं अन् परत गप झालं तर? तुज्या तोंडाकडं बघवलं नसतं मला."

 मला रडू फुटलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. रडता रडता मी त्यांना भांडत होते. आत्या म्हणाल्या, "घड्याळ बिघडलं का गं?"

"बिघडलं. उधळलंय."

"मंग पूस की ते."

"नाही पुसत."

तो बोर्ड मी आजवर पुसलेला नाही. दुसरा आखला. त्यात त्या कोपऱ्यातल्या सगळ्या रेघा दुसरीकडून वळवल्या आणि आत्यांच्या बोटाएवढा गोल रिकामा सोडला. ज्याला कुंकू लावायचं त्यानं खुशाल ओलं लावावं, घड्याळ बिघडणार नाही. नसेल लावायचं तर राहू दे कोरा.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मी देवघरातून करंडा आणला आणि त्यांच्यापुढं जमिनीवर बसले. "आता मला," म्हटलं.

आधी त्यांचा खांदा हलला. मग कोपर उचललं, थरथरलं, खाली आलं. मी मदतीला हात पुढं केला तर म्हणाल्या, "सर तिकडं." पुन्हा उचलला. बोट करंड्याच्या काठाला धडकलं, कुंकू माझ्या साडीवर सांडलं. पुढच्या खोलीत घड्याळ तसंच पळत होतं. बोट माझ्या कपाळाला टेकलं तेव्हा मी श्वाससुद्धा घेत नव्हते. ते घसरलं, थांबलं, दाबलं गेलं.

"वाकडं झालं गं," आत्या म्हणाल्या.

मी उठून आरशात बघितलं. कुंकू पार कडेला, भुवईच्या वर लागलं होतं, आणि मधून दुभंगलेलं होतं.