साखळीतली माझी जागा

चीनच्या लढाईच्या वर्षी मी पिंपरीच्या एका कंपनीत हेल्पर म्हणून लागलो, आणि कसा लागलो हे सांगितलं की आजची पोरं हसतात. मुलाखत घेणाऱ्या साहेबानं माझं शिक्षण विचारलं नाही, दंड दाबून बघितले. साहेब फुटबॉलवेडा. त्याला कंपनीची टीम उभी करायची होती आणि बॅकला, म्हणजे आपल्या गोलपुढे उभं राहून समोरच्याला अडवायला, आडदांड माणूस हवा होता. मी चऱ्होलीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. फुटबॉल तोवर फक्त दिघीला, लष्कराच्या कुंपणाबाहेरून पाहिलेला. आमचा खेळ हुतूतू. मी डाव्या कोपऱ्यात उभा राहायचो आणि चढाईला आलेल्याचा घोटा एकदा धरला की सोडत नसे. साहेबाला म्हटलं, अडवायचंच ना, अडवतो की.

पहिल्याच मॅचला समोरचा फॉरवर्ड बॉल घेऊन माझ्या अंगावर आला. मी बॉलकडे बघितलंच नाही. खाली बसलो आणि दोन्ही हातांनी त्याचा घोटा धरला. तो पालथा पडला तरी सोडेना, कारण माणूस मधली रेषा शिवायची धडपड करणार, हे माझ्या अंगात मुरलेलं. शिट्टी फुंकून फुंकून रेफरीचा चेहरा लाल झाला. त्यानंतर कितीतरी वर्षं कँटीनच्या रांगेत लोक मला विचारायचे, "काय राव, आज कुनाचा घोटा?"

पण हुतूतूनं मला फुटबॉलमध्ये तारलं, हे मी आजही छातीठोक सांगतो. हात आवरायला शिकलो, नजर मात्र तीच ठेवली. बॉल फसवतो, माणसाची कंबर फसवत नाही. आणि दुसरी गोष्ट साखळीची. हुतूतूत पकड करणारे एकमेकांचे हात धरतात, एक सरकला की बाकीचे सरकतात. सरावाच्या वेळी मी आमच्या चारही बॅकना तसेच हात धरून मैदानभर पळवायचो. मॅचमध्ये हात सुटायचे, पण सरकणं अंगात राहायचं. सुरुवातीला सगळे लाजायचे. गेटवरचा वॉचमन ओरडायचा, "फुगडी खेळताय व्हय रे?" मीही त्याला खास गावाकडचं उत्तर द्यायचो, ते इथे लिहिण्याजोगं नाही.

अशी सतराअठरा वर्षं गेली. हेल्परवरून मशिनवर आलो, लग्न झालं, कॉलनीत दोन खोल्या मिळाल्या, टीमचा कॅप्टन झालो. मी सुखात होतो. एकच गोष्ट सलत होती. दर हिवाळ्यात दिघीच्या जवानांशी आमची मॅच व्हायची आणि दर हिवाळ्यात आम्ही हरायचो. कुंपणाबाहेरून ज्यांना पाहिलं, त्यांना एकदा तरी हरवल्याशिवाय बूट काढायचे नाहीत, असं मी मनाशी घेतलं होतं.

तेवढ्यात उजवा गुडघा दगा द्यायला लागला. बायको रोज हळद गरम करून लेप घालायची आणि रोज तोंडाचा पट्टाही चालवायची. "तुमच्या गुडग्यापायी माझी बोटं पिवळी झाली. लगीनघर हाय का काय ह्ये?" कंपनीतही कुणीतरी लंगडणं पाहिलं असणार. लेबर ऑफिसरनं मला बोलावून चहा पाजला आणि म्हणाला, "आता टीमचे मॅनेजर व्हा. अकरा जण तुम्ही निवडा, सराव घ्या, मॅचला बाहेर खुर्चीवर बसा." खुर्चीवर बसा म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. तरी हो म्हणालो. निवड माझ्याच हातात असणार, मग दिघीच्या मॅचमधून मला वगळणार कोण? टीममध्ये तेवढी कुणाची छाती नव्हती. पेंट शॉपमधला एक तगडा गडी माझ्या जागेसाठी तयार होता, पण तोही गप्प बसून राहिला.

त्याच सुमाराला कंपनीत पत्रा दाबायचं नवीन प्रेस मशिन बसवायला परदेशातून एक फिटर आला. जर्मन असेल असं आम्ही धरून चाललो होतो. निघाला ब्राझीलचा. झालं, फौंड्रीची अख्खी शिफ्ट त्याला बघायला आली. ब्राझीलचा माणूस म्हणजे जन्मतः फुटबॉलचा जादूगार, याबद्दल कुणाला शंका नव्हती. त्याच संध्याकाळी आम्ही त्याला मैदानावर नेला आणि मान देऊन सेंटर फॉरवर्डला उभा केला. सगळे डोळ्यांत तेल घालून बघत होते. त्यानं हसून मान हलवली, चालत चालत मागे आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. "बॅक," तो म्हणाला.

लोकांचा फार विरस झाला. ना त्यानं बॉल डोक्यावर नाचवला, ना कुणाला गुंगारा दिला. नुसता योग्य जागी उभा राहायचा आणि समोरच्याचा बॉल हळूच काढून घ्यायचा. आमचा गोलकीपर तर म्हणाला, "ह्यो त्या ब्राझीलचा नसनार राव, दुसरा कुटला तरी असंल." मला मात्र तो पाहताक्षणी आवडला. तो माणसांच्या कमरेकडे बघत होता. आणि चार बॅकची साखळी पाहून तर तो टाळ्या पिटायला लागला. त्यांच्याकडे सरावात बॅकच्या कमरांना एकच दोरी बांधतात म्हणे. दोरीपेक्षा हात बरे, असं त्याचं मत पडलं.

त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, म्हणून आमचं छान जमलं. एका रविवारी त्याला घरी जेवायला बोलावलं. परदेशी माणसाला काय करावं या विचारानं बायको हैराण झाली होती. शेवटी चिडून तिनं रोजचीच घेवड्याची उसळ आणि भात केला. त्यानं पहिला घास घेतला आणि तो थांबलाच. डोळ्यांत पाणी. तिखट लागलं म्हणून बायको तांब्या घेऊन धावली. तो पाणी नको म्हणाला. त्याच्या आईच्या घरी रोज हेच असायचं, घेवडा आणि भात. मग तीनदा वाढून घेतलं. त्या दिवसापासून बायकोच्या लेखी तो घरचाच झाला.

जेवणानंतर त्यानं आपली हकिगत सांगितली. तोही कारखान्यातलाच, आधी कापडाच्या गिरणीतला. गावच्या क्लबात पोरवयापासून बॅकला खेळला. देशाच्या टीमनं त्याला कधी विचारलं नाही, आणि त्याचं त्याला वाईटही वाटत नव्हतं. पुढे क्लबानं त्याला मॅनेजर केलं. मॅनेजर झाल्यावर त्यानं सगळ्यांत आधी काय केलं? स्वतःलाच बॅकला उभं केलं. त्या मोसमात टीम हरत गेली, आणि त्याला तोंडावर सांगायची कुणाला हिंमत होईना. "मग?" मी विचारलं. तो म्हणाला, "आत असलं की एकच माणूस दिसतो, जो अंगावर येतोय तो. बाहेर आल्यावर मला माझी टीम पहिल्यांदा दिसली."

बायको भांडी आवरत होती. तिला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. मी सांगायच्या आतच ती म्हणाली, "शानं हाय त्ये. त्येचं ऐका." मला इतका राग आला की त्या रात्री मी लेप घालून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सरावाला त्यानं मला हाताला धरून रेषेबाहेर नेलं. साखळी तिघांचीच उरली. माझ्या जागी खिंडार दिसत होतं, त्यातून बैलगाडी गेली असती. ते पाहून मी मनातून सुखावलो. मग त्यानं पेंट शॉपच्या गड्याकडे बोट दाखवलं. मी त्याला हाक मारली. तो आला, दोन्हीकडचे हात धरले आणि चौघं डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले, मागे आले. कुठे फट नव्हती. उलट माझ्यामुळे साखळीला उजवीकडे वळताना जो झटका बसायचा, तोही नव्हता. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, कारण ते छान दिसत होतं. कँटीनमध्ये मी अकरा जण जाहीर केले, त्यात मी नव्हतो. पेंट शॉपचा गडी उठला आणि माझ्या पाया पडला. "पाया काय पडतोस, कमरेकडं बघ त्यांच्या," मी खेकसलो.

मॅचच्या दिवशी दिघीला खुर्ची मांडलेली होती. मी तिच्यावर बसलो असेन नसेन. बायको कॉलनीतल्या बायकांबरोबर आली होती, फिटर कंपनीच्या पटावर नव्हता म्हणून बाहेर माझ्या शेजारी उभा होता. पूर्वार्धात आमच्या फॉरवर्डनं गर्दीत पाय घालून एक गोल मारला, कसा मारला ते त्यालाही सांगता आलं नसतं. मग उरलेला सगळा वेळ जवान आमच्या अंगावर येत राहिले. ते डावीकडून आले की आमचे चार बॅक डावीकडे सरकत, उजवीकडून आले की उजवीकडे. मी "साखळी! साखळी!" ओरडत होतो. शेवटी शेवटी तर माझा आवाजच बसला.

शेवटची शिट्टी वाजली आणि सगळी टीम नाचायला लागली. आम्ही जिंकलो होतो. मला पळत आत जायचं होतं, पण जाता येईना. बघतो तर माझा हात फिटरच्या हातात घट्ट अडकलेला, आणि आमच्या पायांखाली रेषेकडेचं गवत इकडून तिकडे पार लोळलेलं. उत्तरार्धभर आम्ही दोघं हात धरून बाहेरच्या बाहेर सरकत होतो. कुणी कुणाचा हात आधी धरला, हे त्यालाही आठवेना.

सकाळी उठलो तर गुडघा भोपळ्याएवढा. बायको हळद गरम करून आली, गुडघ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मॅनेजर खुर्चीवर बसत्यात म्हनं. खेळला न्हाई, मग ह्यो सुजला कसा?"

"कोन म्हनतं न्हाई खेळलो?" मी म्हणालो, आणि पाय तिच्यापुढे लांब केला.