आत्याच्या गोधडीत गुड्डी

मी स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवतो आणि घरी गोधड्या शिवतो. दोन्ही कामं माझ्याइतक्या सफाईनं करणारा दुसरा माणूस भिलाईत नाही. (हे माझंच मत आहे. दुसऱ्या कुणाला विचारायची मला आजवर गरज वाटलेली नाही.)

गोधडी मला आत्यानं शिकवली. सातवीत असताना सायकलवरून पडून मी पाय मोडून घेतला आणि दीड महिना प्लास्टर घालून तिच्या दुर्गमधल्या पद्मनाभपूरच्या घरी पडून होतो. माझ्या किरकिरीला कंटाळून तिनं माझ्या हातात सुई दिली. जुन्या लुगड्यांचे थर अंथरायचे, काठापासून सुरुवात करायची आणि चौकोनाच्या आत चौकोन अशा टाक्यांच्या ओळी घालत मध्यापर्यंत यायचं. आत्या शाबासकी देत नसे. ओळीवरून बोट फिरवायची आणि एकच शब्द बोलायची, "उसव!" त्या दीड महिन्यात मी एकच गोधडी सव्वीस वेळा शिवली. तिच्या हातून माझी एकही ओळ पहिल्या झटक्यात पास झाली नाही.

गेल्या वर्षी आमची गुड्डी झाली आणि मी जाहीर करून टाकलं, की आपल्या सगळ्या माणसांना माझ्या हातची एकेक गोधडी मिळणार! माझी बायको शुभांगी शाळेत शिकवते, तिची शाळा सकाळची. मी सेकंड शिफ्ट मागून घेतली. म्हणजे सकाळी सात ते एक घरात मी, गुड्डी आणि सुई-दोरा. पहिली गोधडी गुड्डीला, दुसरी मेव्हण्याला. आमच्या सेक्टर सहामध्ये माझं नाव झालं. बाया आपल्या नवऱ्यांना माझं उदाहरण देऊ लागल्या आणि नवरे मला रस्त्यात टाळू लागले.

मग आत्याचा फोन आला.

"बापू, प्रमोद मले पुण्याले घेऊन चालला रे. त्याची बदली झाली. आता तिकडंच."

"कायमचं?" मी विचारलं. प्रमोद तिचा मुलगा, माझा दादा.

"हो न. तिथं कोण आहे मले आपलं? एक गोधडी दे तुझ्या हातची. दोन आठवड्यांनी रविवारी गाडी आहे, तेवढा वेळ आहे तुले."

माझी छाती फुगली आणि त्याच वेळी तिचं ते बोट आठवलं. दोन वर्षांपासून आत्याला अंधुक दिसायचं, पण तिची बोटं पहिल्यासारखीच होती. बाकी कुणाच्याही गोधडीत चूक खपली असती, या गोधडीत नाही. आत्या जाताना "उसव" म्हणून गेली असती, तर मी जन्मभर काय तोंड घेऊन सुई धरली असती?

तिच्याच जुन्या लुगड्यांचे थर मी बैठकीत अंथरले. पहिल्या दिवशी चार ओळी झाल्या. दुसऱ्या दिवशी गुड्डी रांगत आली, बरोब्बर मधोमध पोचली आणि पालथीची उताणी होऊन झोपली.

आता पाहा. शंभर टन वितळलेलं पोलाद भरलेलं लॅडल (म्हणजे एक अवाढव्य बादलीच) मी असं उचलतो, की त्यातला थेंब हलत नाही. साहेब लोक पाहुण्यांना माझं काम दाखवायला आणतात. तोच मी! सात किलोच्या गुड्डीखाली अलगद हात घातला, इंचभर उचलली, आणि तिनं असा भोंगा लावला की शेजारच्या साहू भाभी लाटणं घेऊन धावत आल्या. पुन्हा झोपवली, तर गोधडीवरच झोपली. पाळण्यात नाही, पलंगावर नाही. रोज तिथंच.

तिसऱ्या दिवशी शुभांगी म्हणाली, "अहो, तिले पाळण्यात टाका न."

"टाकलं की उठते."

"मंग गोधडी कशी शिवून राहिले तुम्ही?"

"तिच्या भोवतून!"

खरंच सांगतो, दुसरा इलाज नव्हता. चौकोनी ओळी घालत मी आत आत येत होतो. गुड्डीपाशी पोचलो, की ओळ डोक्यावरून वळसा घ्यायची, वर टाकलेल्या हाताला फिरून काखेत उतरायची, पोटाला गोल जायची आणि बेडकासारख्या पसरलेल्या पायांमधून बाहेर पडायची. मधली जागा नंतर भरून घेऊ, असा माझा विचार होता. पण ती रोज थोडी सरकून झोपायची आणि माझ्या ओळी चुकायच्या. शेवटी शुभांगीचा शाळेचा खडू घेऊन मी झोपलेल्या गुड्डीभोवती रेघ मारून ठेवली. उद्या ती तिथंच, तशीच ठेवायची, म्हणजे प्रश्न मिटला!

प्रश्न मिटला नाही. दुपारी मी गुड्डीला घेऊन परसात कपडे वाळत घालत होतो. शुभांगी शाळेतून आली. तिला घरात गुड्डी दिसली नाही. दिसली ती जमिनीवरच्या गोधडीवर खडूनं काढलेली लेकराची आकृती, सिनेमातले पोलीस मुडद्याभोवती काढतात तशी! तिची किंकाळी थेट मार्केटपर्यंत गेली. (पुढचे दोन दिवस ती माझ्याशी फक्त भाजीपुरतं बोलली.)

शनिवारी गुड्डीला लसीचं इंजेक्शन दिलं. ती रात्रभर रडली आणि रविवारी सकाळी आठला कुठं आपल्या जागेवर, आपल्या पोझमध्ये झोपली. तिच्या भोवतीची शेवटची ओळ तेवढी बाकी होती. मी भराभर टाके घातले, गाठ मारली, दोरा तोडला. साडेनऊ वाजले होते. मधली जागा भरायला वेळ नव्हता, पण बाकीचं काम असं झालं होतं की मी स्वतःच त्याच्याकडे दहा मिनिटं पाहत बसलो.

"उचला आता," शुभांगी म्हणाली.

"तूच उचल. माझ्या हातानं उठते."

तिनं गुड्डीला उचललं. गुड्डीबरोबर गोधडीही उठली.

"अहो! हिच्या फ्रॉकचा घेर शिवला तुम्ही!"

शिवला होता. एक-दोन टाके नव्हते, चांगला वीतभर! आणि माझे टाके असे बारीक नि घट्ट, की लुगडं कुठं संपतं आणि फ्रॉक कुठं सुरू होतो ते मलाच सापडेना. (त्याही क्षणी मला थोडा अभिमान वाटला, हे कबूल करतो.) कात्री लावावी, तर फ्रॉक सासूबाईंनी दिलेला. गुड्डीला फ्रॉकमधून काढावं, तर गुंड्या पाठीला.

"उठवाल तर याद राखा," शुभांगी दबक्या आवाजात म्हणाली. "रात्रभर मी जागली आहे."

"आणि आत्याची गाडी?"

आम्ही ऑटो बोलावला. मी पुढून, शुभांगी मागून, मधे गोधडी आणि गोधडीवर गुड्डी, अशी आमची वरात निघाली. साहू भाभी गेटपाशीच उभ्या होत्या.

"भैया, बच्ची को सिल दिया क्या?"

"थोडासा," मी म्हणालो.

पद्मनाभपूरला सामान दारात आलं होतं. प्रमोददादा घड्याळ बघत येरझारा घालत होता. "किती उशीर बे! आण ती गोधडी, बॅगेत कोंबतो."

"कोंबता येत नाही, दादा. तिच्यात गुड्डी आहे."

आत्या पलंगावर बसली होती. आम्ही तो सगळा पसारा तिच्यापुढे ठेवला. मी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. तिनं घेराजवळ बोटं टेकवली, टाके चाचपले आणि हात पुढे केला, "सुई दे."

मी सुई दिली. ज्या टाक्यांपुढं माझे धडधाकट डोळे हरले होते, ते तिनं सुईच्या टोकानं एकेक करून उचलले. फ्रॉकचा एक धागा ओढला गेला नाही. मग तिनं गुड्डीच्या मानेखाली हात घातला, उचललं आणि सरळ शुभांगीच्या खांद्यावर दिलं. गुड्डीनं डोळासुद्धा उघडला नाही! (शंभर टनांचा माणूस कोपऱ्यात उभा राहून बघत होता.)

आणि मग तिची बोटं ओळींवर आली. काठापासून आत, एकेक चौकोन. मधे पोचल्यावर बोट थबकलं.

"इथं ओळ वाकडी काहून गेली?"

"आत्या, ती जागा राहिली. तू म्हणशील तर स्टेशनावर बसून भरतो. गाडी लेट असते..."

"चूप बस." बोट पुढं सरकलं. "हे डोकं होय. हा हात वर टाकला तिनं. हे पोट." तिनं त्या मोकळ्या जागेवर अख्खा तळवा ठेवला आणि तसाच ठेवून बसली. "गरम आहे अजून," ती म्हणाली.

प्रमोददादानं घड्याळ पाहायचं सोडून दिलं.

"मी तिकडं बसून विचार करत राहिली असती, पोरगी केवढी झाली म्हणून," आत्या म्हणाली. "आता हात लावला की समजंन, जाताना केवढी होती ते. बापू, इथं एकही टाका घालशील तर पाहून घे! असं काम मलेबी जमलं नाही कधी."

मला रडू आलं. क्रेनवाल्यानं रडू नये वगैरे मला मान्य आहे, पण त्या दिवशी त्यांना गाडीत बसवून मी दुर्ग स्टेशनावर सगळ्यांदेखत रडलो. तेवीस वर्षांत पहिल्यांदा माझी गोधडी पास झाली होती, आणि तीही आत्यानं पुण्याला नेली होती.

ही गोष्ट अर्थातच मी सगळ्यांना सांगितली, काहींना दोनदा. ती सासूबाईंपर्यंत पोचली आणि गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, "जावईबापू, मलेबी तशीच गोधडी पायजे."

पण गुड्डी आता घरभर पळते, दिवसा झोपायचं नाव घेत नाही. सासूबाईंना नाही कसं म्हणायचं?

"तुम्हीच झोपा मधे," शुभांगी म्हणाली. "मी घालते टाके. आईले जावयाचं कौतुक आहेच."

सूचना मला पसंत पडली. गोधडी अंथरली, मी एक हात वर टाकून ऐटीत उताणा पडलो आणि घोरू लागलो. दोन तासांनी जाग आली, तर शुभांगी सुई खोचून चहा पीत बसली होती.

"झाली शिवून?" मी विचारलं.

"कुठली होते! काठाच्या दोन ओळी घातल्या, तर तिसरीलेच तुमचं पोट लागलं!"