घटाची माती

फरीदाबादला आमची सोसायटी नवी होती तेव्हा मागच्या भिंतीपलीकडे शेतं होती. बिल्डरनं जाहिरातीत तीसुद्धा आमचीच असल्यासारखी दाखवली होती. नवरात्रात घट बसवताना परडीत धान्य पेरायला आईला शेतातलीच माती लागे, कुंडीतली चालत नसे. मग दरवर्षी मी आमच्या दूधवाल्याच्या शेतातून टोपलीभर माती आणायचो. दसऱ्याला आई त्याला घटातले हिरवेगार कोंब द्यायची, तो त्यांना 'जौ' म्हणायचा आणि कानावर खोवून मिरवत जायचा.

त्या वर्षी गेलो तर बांध जागच्या जागी आणि शेत खाली गेलेलं. वरची हातभर माती त्यानं वीटभट्टीला विकली होती. आमच्याच दुसऱ्या टॉवरला विटा हव्या होत्या ना! उरलेल्यातली बरीचशी पावसानं नाल्यात नेली होती.

"मिट्टी ही तो बेची है, जमीन थोड़े ही," तो म्हणाला. "खाद डालेंगे, सरसों बोएंगे. सब पहले जैसा."

त्यानं खालची माती खणून दिली. फिकट, चिकट, खड्यांनी भरलेली. मी तीच टोपलीत भरली.

आईनं ती चाळली, धान्य पेरलं, पाणी शिंपडलं. माती थापल्यासारखी घट्ट झाली. कोंब आले ते तुरळक, पिवळे, आणि बोटभर वाढून आडवे झाले. आई धसकली. "घरावर काहीतरी येणार बघ."

"घरावर कशाला येईल? त्याच्या शेतावर येणार आहे. तो यातच मोहरी पेरणार आहे," मी वैतागून म्हणालो.

दसऱ्याला सकाळी तो दूध घेऊन आला. आईनं दूध घेतलं आणि देवघराच्या दारातच उभी राहिली. एरवी ती त्याला हाक मारून आत बोलवायची. शेवटी त्यानंच विचारलं, "भाभीजी, इस बार जौ नहीं देंगी?"

आई बाजूला झाली. तो वाकून परडीकडे बघत राहिला. एक काडी त्यानं बोटानं उभी करून पाहिली, ती पुन्हा पडली. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

"घर के अंदर रखे हैं न," तो म्हणाला. "धूप नहीं लगी होगी."

"हां भैया," आई म्हणाली. "धूप नहीं लगी."

खिडकीतून आलेलं ऊन सगळ्या परडीवर पडलं होतं.