अम्म शौकी फोटो कसा बघायचे

गुरुवारची संध्याकाळ म्हणजे लबीब शिंप्याच्या दुकानाची मागची खोली. आमच्या पोर्ट सईदमध्ये हे पंधरा वर्षं चाललं. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे. मी त्या रस्त्याने जायचं टाळतो, आणि गेलोच तर उगाच चिडचिड करत घरी येतो.

आम्ही सहा-सात हौशी फोटोवाले. मी औषधाच्या दुकानात, इन्साफबाई शाळेत भूगोल शिकवायच्या, लबीब कोट शिवायचा. न्हाणीघरात अंधार करून फिल्म धुवायची, त्यापायी घरच्यांची बोलणी खायची आणि गुरुवारी आपापला फोटो लबीबच्या दोरीला टाचणीने लावायचा. वयाने सगळ्यांत मोठे अम्म शौकी. अम्म म्हणजे काका, आणि ते अख्ख्या मोहल्ल्याचे काका होते. पाण्याच्या मीटरचे आकडे टिपत दारोदार फिरण्यात त्यांची सारी नोकरी गेली.

आमच्याकडे कुणी काहीही दाखवलं, नवं बाळ असो की नवी चप्पल, तरी ‘जमील’, म्हणजे सुंदर, म्हणायची रीत आहे. अम्म शौकींनी त्या खोलीत या शब्दाला बंदी घातली होती. ज्याच्या तोंडून निघेल त्याने सगळ्यांचे चहाचे पेले धुवायचे.

“जमील म्हणजे मी बघितलंच नाही,” ते म्हणायचे. “काय दिसलं ते सांग ना, बाबा!”

स्वतः ते हात मागे बांधून एकेका फोटोसमोर उभे राहायचे. चहा गार व्हायचा. एकदा मी आईचा फोटो लावला होता. गच्चीवर आई, तिच्या गालावर तिरपं ऊन, आणि त्या उन्हाचा मला कोण गर्व! अम्म शौकींनी बराच वेळ पाहिलं आणि हळूच विचारलं, “वगदी, मागे दोरीवर वाळताहेत ते सदरे कोणाचे रे? तुझ्या मापाचे दिसत नाहीत.”

वडिलांना जाऊन दोन वर्षं झाली होती. आई अजून त्यांचे सदरे धुवून वाळत घालत होती, आणि एका घरात राहून मला ते दिसलं नव्हतं. इतका शरमलो मी. त्या संध्याकाळी कितीतरी दिवसांनी आईजवळ जाऊन बसलो.

त्यांनी स्वतः काढलेला फोटो मात्र कधी लावला नाही. “अम्म शौकी, कॅमेऱ्यात फिल्म घालता की नुसताच गळ्यात मिरवता?” असं लबीब चिडवायचा, आणि ते हसून पेला पुढे करायचे.

मग एका हिवाळ्यात त्यांची बायको दुर्रिया गेली. वसंतात, एका गुरुवारी, त्यांनी खिशातून एक जुना फोटो काढला आणि कुणाकडे न बघता दोरीला लावला. पाण्यापलीकडच्या पोर्ट फुआदला जाणाऱ्या बोटीवरची गर्दी होती ती. सगळ्यांच्या पाठी. क्षितिज कललेलं, फोटो हललेला.

खरं सांगतो, फोटो वाईट होता. आम्हा सगळ्यांना तो वाईट वाटला, आणि ज्यांनी आम्हाला बघायला शिकवलं त्यांना ते सांगायची कुणाची छाती झाली नाही.

“जमील,” लबीब म्हणाला.

“खरंच जमील,” इन्साफबाई म्हणाल्या.

मीही तेच म्हणालो. अम्म शौकींनी पेले धुवायलाही सांगितलं नाही. टाचणी काढली, फोटो खिशात घातला आणि निघून गेले.

पुढचे तीन गुरुवार ते आले नाहीत. “थंडी बाधली असेल,” लबीब म्हणाला.

“थंडीबिंडी काही नाही,” इन्साफबाई कडाडल्या. “माणसाने आयुष्यात एकदा काही दाखवलं, आणि आपण तोंडदेखलं बोलून मोकळे झालो!”

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारच्या नमाजानंतर, मी त्यांच्या घरी गेलो. “तो फोटो परत बघायचाय,” म्हटलं.

“कशाला? बघितलास की.”

“नाही बघितला.”

त्यांनी फोटो आणून मेजावर टाकला. मी हात मागे बांधले आणि उभा राहिलो. त्यांनी चहा केला, तो तसाच राहिला.

“क्षितिज कललंय,” मी म्हणालो. “हातही हललाय तुमचा.”

“हललाय खरा. पुढे?”

“सगळे पाठमोरे आहेत, एकच बाई वळलीय. तुमच्याकडे बघतेय. तोंड उघडं आहे. अम्म, ही दुर्रियाकाकू ना?”

त्यांनी मान हलवली. “बोटीवरून हाक मारत होती. बावीस वर्षं झाली. इतकी हसरी हाक...”

“हसत नाहीये ती.” मी फोटोवर बोट ठेवलं. “दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या आहेत. खांदे बघा कसे ओढले गेलेत. ती तुम्हाला पिशवी धरायला बोलावतेय.”

अम्म शौकींनी फोटो उचलून खिडकीपाशी नेला. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

“पिशव्या मला कधी दिसल्याच नाहीत रे,” ते म्हणाले. “आणि यानंतर मी काय केलं, सांगू? फिल्म पुढे सरकवली आणि तिचा आणखी एक फोटो काढला.”