पौर्णिमावहिनीचं जंगल

वलगावात आमच्या शेजारी पौर्णिमावहिनी राहते. अमरावती हाकेवर, पण सासू अंथरुणाला खिळल्यापासून हिला फाटकाबाहेर पडता येत नाही. "जाऊन ये" म्हणायला नवऱ्याची जीभ रेटत नाही.

परसात मोडकी बैलबंडी सडतेय. तिच्या लाकडावर उगवणाऱ्या कुत्र्याच्या छत्र्यांचे फोटो वहिनी मोबाईलवर काढते, निसर्गप्रेमींच्या ग्रुपवर टाकते. उन्हाळ्यात ओल टिकावी म्हणून बंडीवर भांडी विसळलेलं पाणी ओतते.

नवरा ओरडतो, "चुलीचं लाकूड काहून भिजवून राहिली?"

ग्रुपवाले विचारतात, "ताई, कोणतं जंगल?" ती पुढचा फोटो टाकते.

परवा फोटोत मागची भिंत आली. लगेच एका शहाण्यानं लिहिलं, "भिंत नको. जरा बाजूला सरकून काढा."

मला ते दाखवत वहिनी म्हणाली, "बाजूले बी भिंतच हाये, याले कोन सांगन?"